नेपाळात भट्ट्या घातलेल्या गलाई बांधवांना खुलं पत्र

विटा, ता. खानापूर, जि. सांगली

दादांनो, भाऊजींनो आणि माझ्या जावांनो,

हे पत्र आपल्या कागदांविषयी आहे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे आपण गलाईवाले पिढ्यान् पिढ्या नेपाळात राहतो, पण पासपोर्ट, मतदार कार्ड, पोरांची नोंद याकडं बघत नाही. यात्रेला गावी आले आहे. दुपारी घर झोपलं की लिहायला बसते, त्यामुळे पत्र तुकड्यातुकड्यांत झालंय. वाचताना कुठं राग दिसला तर दिसू द्या, थोडा आहेच. पण तो सरकारवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरलंय.

माझे सासरे २०१९ च्या डिसेंबरात गेले. पहाटे गावाकडून फोन आला. काठमांडूचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, पण अशा वेळी तेवढं पुढं असून काही उपयोग होत नाही. ह्यांनी भट्टी तशीच सोडली, ओळखीच्या माणसाकडून दुपारच्या विमानाचं दिल्लीचं तिकीट काढलं. पुढं दिल्ली-पुणे, पुण्याहून गाडी, म्हणजे उजाडायच्या आत गावात. सगळे थांबायला तयार होते. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र मागितलं, ह्यांनी आधार कार्ड पुढं केलं. ती म्हणाली, हे चालत नाही. पासपोर्ट द्या, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. ह्यांनी सांगून बघितलं की वडील गेलेत. ती बिचारी उठून साहेबांना विचारून आली आणि पुन्हा तेच म्हणाली.

तिची चूक नव्हती. नेपाळ आणि भारताच्या दरम्यान विमानानं जायचं तर आधार फक्त पंधराच्या आतल्या पोरांना आणि पासष्टच्या पुढच्या म्हाताऱ्यांना चालतं. हे तेव्हा एकेचाळीस वर्षांचे. मतदार कार्ड होतं, नव्हतं असं नाही. ते गावात, सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, जत्रेत काढलेल्या फोटोखाली होतं. अडल्या वेळी दूतावासातून तातडीचं प्रमाणपत्र मिळू शकतं हे आम्हाला वर्षश्राद्धाच्या वेळी कुणीतरी सांगितलं.

मग रात्रीची बस धरून सीमेवरचं सोनौली. तिथली कमान हे बॅग घेऊन चालत ओलांडून आले, कुणी ‘कुठं चाललात’ एवढंसुद्धा विचारलं नाही. गोरखपूरला रेल्वे, दीड दिवस पुण्यापर्यंत, तिथून एसटी. घरी पोचले ते चौथ्या दिवशी. अग्नी धाकट्या दिरांनी दिला होता, सावडणंही उरकलं होतं. ह्यांनी अंगणात बॅग ठेवली आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, माझं मतदान कार्ड कुठं आहे. सासूबाईंना वाटलं पोराचं डोकं फिरलं.

हे मी एवढं लांबण लावून सांगते, कारण ज्या माणसाला विमानतळावर अडवलं, तोच माणूस दुसऱ्याच दिवशी जमिनीवरून विनाकागद सरळ चालत आला. आपलं सगळं दुखणं या दोन दारांच्या मधे आहे. सोनौलीचं दार, रक्सौलचं दार आपल्याला इतकं सताड उघडं मिळालं की दुसरंही एक दार असतं हे आपण विसरलो.

नेपाळला आपण परदेश म्हणतच नाही. गावातला एखादा दुबईला गेला की तो ‘फॉरेनला’ असतो. आपण मात्र ‘काठमांडूला असतो’ हे ‘कराडला असतो’ इतक्या सहज सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडं खटाव-माण, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं कानशीचा भुगा आणि सराफाच्या दुकानातला केर गाळून सोनं काढत काढत केरळपासून अमृतसरपर्यंत पोचली. त्याच पावलांनी पुढं नेपाळात गेली. मधे एक देश संपला आणि दुसरा सुरू झाला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. का यावं? व्हिसा नाही. शंभराचे एकशेसाठ हा ठरलेला भाव. पाट्या देवनागरीत. आपला गणपती बसतो, संक्रांतीला वाण लुटतो. ३१ जुलै १९५० ला दोन्ही देशांत मैत्रीचा तह झाला, त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या माणसांना राहायची, व्यापार करायची, ये-जा करायची मोकळीक दिलेली आहे. त्या एका कलमावर आपल्या तीन पिढ्या जेवल्या. पण त्या कलमानं आपण नेपाळचे झालो नाही, आणि भारताच्या कागदावर राहायची जबाबदारी काही संपली नाही.

आता माझ्या दोन मुलांचं सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे मोठा मुलगा २००६ साली तासगावात झाला. नगरपालिकेत नोंद, जन्माचा दाखला, विषय संपला. दुसरेपणी आई आजारी होती, कामाचा हंगाम होता, आणि आता अनुभव आहे म्हणून मी काठमांडूतच राहिले. २०११ च्या नवरात्रात मुलगी झाली. हॉस्पिटलच्या कागदावरून वडा कार्यालयात, म्हणजे तिथल्या प्रभाग कार्यालयात, ‘जन्मदर्ता’ झाली, म्हणजे तिथली जन्मनोंद. त्यावर तारीख विक्रम संवताची, २०६८ साल, असोज महिना. गावी आणून दाखवली तेव्हा भाचा म्हणाला, मामी, ही अजून सत्तावन्न वर्षांनी जन्माला यायचीय. सगळे हसलो. कागद घडी करून ठेवून दिला.

दोन्ही मुलं माझीच. एकच आई, एकच बाप, एकच रेशनकार्ड. पण कायद्याला दोघं वेगवेगळी आहेत हे मला बारा वर्षं माहीत नव्हतं. मुलगा भारतात जन्मला, तो जन्मानं नागरिक. मुलगी परदेशात जन्मली, ती वंशानं नागरिक होते, पण त्याला एक अट आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम, त्यात ३ डिसेंबर २००४ पासून असं आहे की परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर मग केंद्र सरकारची परवानगी घेऊनच नोंद होते. या ‘परदेशात’ नेपाळ आहे. तह असला तरी आहे.

मला सांगा, आपल्यातल्या किती जणींना हे माहीत आहे? मी मागच्या हळदीकुंकवाला विचारलं. सोळा बायका होत्या. नऊ जणींची मिळून अकरा पोरं तिकडं जन्मलेली. वर्षाच्या आत दूतावासात नोंद एकाच पोराची, तीही त्याचे वडील आधी बँकेत होते म्हणून.

आमच्या घरात हे उघड झालं ते २०२३ साली. मुलीच्या शाळेची सहल थायलंडला निघाली. वर्गातल्या नेपाळी मुलांनी आठ-दहा दिवसांत पासपोर्ट आणले. आमची लेक घरी येऊन म्हणाली, आई, माझा कुठाय? मी म्हटलं, काढू की, त्यात काय. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन लैनचौरला दूतावासात गेले. तिथल्या माणसानं जन्मदर्ता बघितली, मग माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, इथं जन्माची नोंद केली होती का? मी म्हटलं, केली की, वडा कार्यालयात. तो म्हणाला, ताई, इथं म्हणजे आमच्याकडं. मग त्यानं एका कागदावर सगळं लिहून दिलं. मुलीची नोंद उशिराची आहे, ती परवानगीला जाईल, वेळ लागेल. त्याआधी आई-वडिलांचं भारतीय असणं कागदावर नीट दिसू द्या. तुमचा पासपोर्ट आहे? नाही. ह्यांचा? नाही. मग तिथून सुरुवात करा.

अशी एकोणीस वर्षं परदेशात राहून, चाळिसाव्या वर्षी, मी पहिल्या पासपोर्टच्या मागं लागले. लेकीची सहल तर गेलीच. मैत्रिणीनं तिला तिकडून हत्तीचं किचेन आणलं, ते तिनं दप्तराला न लावता कपाटात ठेवलंय.

पासपोर्टसाठी भारतातच यावं लागतं असा आपल्यात समज आहे, तो चुकीचा आहे. जिथं राहता तिथल्या भारतीय दूतावासात अर्ज करता येतो, ऑनलाइन भरून, छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन. राहण्याचा पुरावा म्हणून मी घरबेटीचं, म्हणजे घरमालकाचं, पत्र आणि वडा कार्यालयाची सिफारिस, म्हणजे शिफारसपत्र, नेली होती. तेवढं सोपं गेलं. अडलं ते माझ्या स्वतःच्या नावाशी.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं, ते आधारवर. मतदार यादीत सासरचं आडनाव बरोबर, पण मधल्या नावात सासऱ्यांचं नाव घुसलेलं. म्हणजे तीन कागदांवर तीन बायका, आणि त्या तिघींना एक घाव घालून एक करायचं. आपल्याकडं नाव बदलणं म्हणजे उखाण्याची गंमत असते. नुसतं आडनाव बदललं तर लग्नाच्या कागदावर भागतं. पण नावच बदललं तर मग राजपत्र. ते केलं. लग्नाची नोंदही तेव्हाच केली, कारण २००३ साली कुणी नोंदवलं नव्हतं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकच विवाह निबंधक असतात, त्यांनी पत्रिका मागितली, फोटो मागितला, लग्न लावलेल्या भटजींची सही मागितली, तीन साक्षीदार मागितले. पत्रिका मिळाली नाही. आमची एक ट्रंक २०१५ च्या भूकंपात गेली. २५ एप्रिल, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. आम्ही पोरांना घेऊन टुंडीखेलच्या मैदानावर आणि कागद तिसऱ्या मजल्यावर. भिंत पडली, वर पाऊस झाला. शेवटी पत्रिका सापडली ती मोठ्या नणंदेकडं, तिनं ती वीस वर्षं देव्हाऱ्याखाली जपून ठेवली होती, का ते तिलाही सांगता येईना. नशीब.

ह्यांचं आणखी वेगळं. आधारवरचा फोन नंबर बदलायला विट्यात केंद्रावर गेले तर यंत्र बोटं घेईना. तेजाबात आणि मुशीजवळ पंचवीस वर्षं घातलेली बोटं ती. नखं पिवळी, शेंड्यांवर रेघ म्हणून नाही. चालवणारा पोरगा ओल्या फडक्यानं पुसतोय, पुन्हा ठेवतोय, पुन्हा लाल दिवा. पोरगा म्हणाला, काका, काय काम करता? हे म्हणाले, सोनं शुद्ध करतो. शेवटी डोळ्यांवरून झालं. तुमच्यातल्या ज्यांनी हातमोजे न घालता काम केलंय त्यांनी आधार अद्ययावत करायला दोन दिवस जास्त धरून जा, एवढंच सांगते.

आता पोलीस पडताळणीचं, कारण सगळ्यांत जास्त माणसं इथं गार पडतात.

अर्ज दूतावासात केला, पण आपला भारतातला पत्ता गावचा, म्हणून चौकशी गावच्या ठाण्याकडं आली. जूनमधे एक पोलीसदादा मोटारसायकलवर आमच्या दारात आले. घरात सासूबाई एकट्या. त्यांनी विचारलं, अमुक अमुक इथं राहतात का? सासूबाईंना खोटं बोलायची सवय नाही. त्या म्हणाल्या, “न्हाई बाबा, ती हितं कुठं असत्यात? ती समदी नेपाळात. वरसाला येकदा यात्रंला येत्यात.” वर चहा दिला. ते चहा पिऊन गेले आणि त्यांनी ऐकलं तेच लिहिलं. ‘अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नसल्याचे आढळून आले.’ महिन्याभरानं काठमांडूत मला कळलं की अहवाल प्रतिकूल आलाय.

यात कुणाला दोष देऊ? सासूबाई खरं बोलल्या. पोलीसदादांनी खरं लिहिलं. मीही अर्जात खरंच लिहिलं होतं, सध्याचा मुक्काम काठमांडू, कायमचं घर गावी. तीन खरी माणसं आणि फाईल मात्र बंद पडली.

तेव्हा सल्ला द्यायला लोक पुढं आले. एक म्हणाला, पुढच्या वेळी म्हातारीला शिकवून ठेव, ‘सून बाजारला गेलीय’ म्हणायचं. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत कुठला बाजार चालतो? दुसरा म्हणाला, सीमेवर एक एजंट आहे, तिकडच्या कुठल्यातरी शहराचा भाडेपत्ता दाखवून काढून देतो. आपल्यातल्या दोघांनी तसं केलंय, मला माहीत आहे, नावं घेत नाही. भाऊ, पासपोर्ट कायदा १९६७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमात खोटी माहिती देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं स्पष्ट आहे, आणि पासपोर्ट जप्त होतो तो वेगळाच. अर्ज भारतात कुठूनही करता येतो, ही सोय २०१८ पासून खरीच आहे, पण पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. जिथं कधी राहिलोच नाही तो पत्ता द्यायचा कशाला? तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं, पोरीची नेपाळी नागरिकता काढून टाक, लगेच पासपोर्ट. आणि ती काढली की भारताचं नागरिकत्व सुटतं, ते कोण परत देणार? मी माझ्या लेकीला विचारल्याशिवाय तिचा देश बदलणार नाही.

शेवटी जे केलं ते अगदी साधं होतं. धाकटे दीर अर्जाचा नंबर घेऊन ठाण्यात गेले. बरोबर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, घराचा उतारा, शेजारच्या दोघांची आधारकार्डं, आणि माझ्या घरबेटीच्या पत्राची प्रत. फेरपडताळणी झाली. या वेळी सासूबाईंना दिरांनी एवढंच सांगितलं होतं की खरंच सांगा, पण सगळं सांगा. नवा अहवाल असा आला: ‘अर्जदाराचे कायमचे घर या ठिकाणी असून त्या पतीच्या व्यवसायानिमित्त काठमांडू, नेपाळ येथे वास्तव्यास आहेत. प्रतिकूल काही नाही.’ घर तेच, माणूस तोच, म्हातारीही तीच. फरक एका वाक्याचा. पहिल्यांदा ‘राहत नाही’वर वाक्य संपलं होतं, दुसऱ्यांदा ते पुरं झालं.

डिसेंबरात पासपोर्ट हातात आला. निळा, अजून शाईचा वास येत होता. फोटोत मी गुन्हेगारासारखी दिसते, ते सोडा. पहिल्या पानावर, दिल्याचं ठिकाण, काठमांडू. शेवटच्या पानावर पत्ता, तालुका खानापूर, जिल्हा सांगली. माझं सगळं आयुष्य त्या दोन पानांच्या मधे आलंय असं वाटलं आणि उगाच रडू आलं. ह्यांनी तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, डाग पडेल, तर म्हणाले कव्हर घालू.

ह्यांचा पासपोर्ट नंतर आला. हे आठवी शिकलेले, त्यामुळे त्यांच्यावर परदेशी नोकरीला जाताना तपासणी लागते तो शिक्का आहे. मी बारावी, मला नाही. आपली जी पोरं भट्टीवरून आखातात जायचं म्हणतात त्यांनी दहावीचं गुणपत्रक अर्जाला जोडायला विसरू नका. दहावी नसेल तर दुबई, कतार, मलेशिया धरून अठरा देशांत नोकरीला जाताना आधी सरकारची मंजुरी काढावी लागते, आणि तिथंच एजंट गाठतात.

हे झालं माझं. आता तुमच्याकडं मागणं.

दादांनो, मंडळाकडं पैसा आहे, माणसं आहेत, दरवर्षी गणपतीत मिरवणुकीसाठी ढोल गावाकडून मागवायची ताकद आहे. त्याच मांडवात एका कोपऱ्यात दहा दिवस एक टेबल टाका. त्यावर एक वही. प्रत्येक घरानं येऊन लिहायचं: तिकडं जन्मलेलं पोर किती, दूतावासात नोंद झाली का, घरात पासपोर्ट किती, मतदार कार्ड काठमांडूत आहे का पेटीत. पहिल्या वर्षी एवढीच माहिती जमली तरी मी मोदक वाटेन. ज्यांची पोरं अजून वर्षाच्या आतली आहेत त्यांची नावं वेगळ्या पानावर, लाल पेनानं, आणि त्या आई-बापांना मंडळानं स्वतः गाडी करून लैनचौरला न्यावं. बारशाच्या यादीत पाळणा असतो, घुगऱ्या असतात, आत्याची साडी असते. त्याच यादीत दूतावास लिहा.

आणि एक, हे जरा लागेल. मी ज्या सोळा बायकांना विचारलं त्यांच्यातल्या सात जणींच्या नवऱ्यांकडं पासपोर्ट आहे, त्या सातांतल्या पाच जणींकडं स्वतःचा नाही. कारण विचारलं तर उत्तर एकच, “बाईला कुठं जायचंय?” भाऊजी, बाईला कुठंही जायचं नसेल. पण बाप मेल्यावर तिलाही विमानानं जावं लागतं. मुलीच्या अर्जावर तिचीही सही लागते. उद्या तुम्हाला काही झालं, देव न करो, तर तुमचं कलेवर आणायला, तुमचा भट्टीचा व्यवहार मिटवायला तीच उभी राहणार आहे, आणि तिथं तिला पहिला प्रश्न विचारतील तो कागदाचा. २०२५ च्या सप्टेंबरात ८ आणि ९ तारखेला काठमांडूत जे पेटलं ते तुम्ही सगळ्यांनी खिडकीतून बघितलंय. विमानतळ बंद, रस्त्यावर धूर, आणि आपल्या चाळीत बायका एकमेकींना विचारतायत, तुझं कार्ड कुठाय गं. त्या रात्री मी माझा पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपले. झोप लागली असं नाही, पण घेऊन झोपले.

गावाकडच्या ग्रामसेवकांना आणि पोलीस पाटलांनाही या निमित्तानं हात जोडून एक विनंती. आपल्या गावातली किती घरं बाहेर भट्टीवर आहेत हे तुम्हाला तोंडपाठ आहे. चौकशीला कुणी आलं तर तुम्ही स्वतः उभं राहा. म्हाताऱ्या माणसांना अर्धं वाक्य बोलायला लावू नका. ‘कायमचं घर इथं, कामाला नेपाळात’ हे पाच शब्द तुम्ही बोललात तर एखाद्याचे सहा महिने वाचतात.

लेकीची फाईल परवानगीसाठी दिल्लीला गेलेली आहे. उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र आम्ही दोघांनी दिलं, त्यात मी खरं कारण लिहिलं: माहीत नव्हतं. वकील म्हणाले, काहीतरी बरं कारण लिहू. मी म्हटलं, हेच राहू द्या.

यात्रा परवा संपते. शुक्रवारी मी परत निघते, पुणे, गोरखपूर, सोनौली, नेहमीसारखी. ज्यांचे शाळेचे दाखले, मतदार कार्डं, लग्नाच्या पत्रिका इथं गावात पेट्यांमधे पडून आहेत त्यांनी घरच्यांना फोन करून गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडं पोचवायला सांगा. प्रत्येकाचे कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत नावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी. मी हातातल्या बॅगेत आणते, डिकीत टाकणार नाही. भडंग, शाळूचं पीठ आणि लोणच्याच्या बरण्या मात्र या खेपेला देऊ नका. जागा नाही.

तुमची,
एक वहिनी